उल्सानचें तट्टू

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह यांकडेच आपली दृष्टि आधीं वळते. ज्या वस्तु नित्य आपल्या दारांत उभ्या असतात, ज्यांच्यावांचून आतां आपला दिवस सरत नाहीं, त्यांनाहि इतिहास असतो, आणि तो कित्येकदां एखाद्या राज्यक्रांतीच्या इतिहासाइतकाच बोधप्रद असतो, ही गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. पुण्या-मुंबईच्याच काय, पण सोलापूर-सांगलीच्या कोणत्याहि मध्यमवर्गीय वस्तींत सकाळीं फेरफटका मारला, तर एखाद्या दारांत कोरियन नांवाची लहान मोटार उभी असलेली दिसतेच. निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेंतून ती कोणीं घेतलेली असते. कोणीं मुलीच्या पहिल्या पगाराच्या भरंवशावर कर्ज काढून घेतलेली असते. पुष्कळ कुटुंबांच्या इतिहासांतली ती पहिलीच मोटार होय.

परंतु ही मोटार ज्या देशांतून आली, त्या देशाचा या धंद्यांतील वडीलपणा केवढा? आमच्याकडे शेठ वालचंद हिराचंद यांनीं मोटारींच्या कारखान्यासाठीं प्रीमियर कंपनी स्थापन केली ती १९४४ सालीं, आणि तिचा कुर्ला येथील कारखाना पुढें मुंबईचें एक भूषण झाला. त्या वर्षीं कोरिया जपानच्या टांचेखालीं होता, आणि आज जी कंपनी ‘किया’ या नांवानें जगभर ओळखली जाते ती तेथें नुकतीच जन्मून सायकलींच्या नळ्या व सुटे भाग बनवूं लागली होती. असें असतां कुर्ल्याचा कारखाना इतिहासजमा झाला, आणि कोरियाच्या मोटारी एक्वादोरपासून उझबेकिस्तानपर्यंत पोहोंचल्या. मागून निघालेला पुढें कसा गेला? हा प्रश्न केवळ मोटारींचा नाहीं. कोणत्याहि मागें पडलेल्या राष्ट्रानें परक्यांची विद्या कशी घ्यावी आणि ती आपली कशी करावी, या जुन्या व अवघड प्रश्नाचेंच तें एक रूप आहे. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

१

१९५० ते १९५३ या तीन वर्षांच्या युद्धांत कोरिया बेचिराख झाला. सोल शहर चार वेळां या हातांतून त्या हातांत गेलें. भारतानेंहि त्या युद्धांत साठावें छत्रीधारी वैद्यकीय पथक शुश्रूषेसाठीं धाडलें होतें. युद्ध थांबलें तेव्हां तेथें कारखाने नव्हते, वीज नव्हती, परकीय चलन नव्हतें. होत्या त्या अमेरिकन लष्करानें टाकून दिलेल्या जीपगाड्या आणि तेलाचीं रिकामीं पिंपें. १९५५ सालीं सोल येथें कांहीं कारागिरांनीं त्या जीपगाड्यांचे अवयव घेतले, पिंपें कापून व हातोड्यानें ठोकून त्यांचे पत्रे केले, आणि एक मोटार उभी केली. तिचें नांव त्यांनीं ‘सिबाल’, म्हणजे ‘प्रारंभ’, असें ठेविलें. आपल्याकडील एखाद्या कसबी लोहाराला व गॅरेजवाल्याला एकत्र बसवावें आणि जें निपजेल तें निपजेल, असाच तो प्रकार होता. परंतु भाड्याच्या गाड्या म्हणून ‘सिबाल’ मोटारी कांहीं काळ सोलच्या रस्त्यांवर धांवल्या खऱ्या.

पुढें १९६१ सालीं जनरल पार्क चुंग-ही यांनीं लष्करी उठाव करून सत्ता हातीं घेतली. १९६२ मध्यें त्यांच्या सरकारानें मोटारधंद्याच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि त्याच वर्षीं ‘सेनारा’ नांवाच्या कंपनीनें जपानी डॅटसनचे सुटे भाग आणून ते जोडण्यास आरंभ केला. परकीय चलनाच्या तुटवड्यानें वर्ष-दीड वर्षांतच तें काम थंडावलें. तिच्या जागीं आलेल्या ‘शिनजिन’ कंपनीनें १९६६ पासून टोयोटाच्या कोरोना गाड्या जोडल्या. परंतु ज्या परदेशी कंपन्यांचें भांडवल दक्षिण कोरियांत व तैवानांत आहे त्यांच्याशीं आम्ही व्यापार करणार नाहीं, असें चीनचे पंतप्रधान चाउ एन-लाय यांनीं १९७० मध्यें जाहीर करतांच टोयोटाचें मन चीनच्या बाजारपेठेकडे वळलें, आणि १९७२ सालीं ती कोरियांतून निघून गेली. परक्याच्या आधारावर उभारलेलें घर त्याच्या एका निरोपानें कसें डळमळतें, हें कोरियनांनीं तेव्हां डोळ्यांनीं पाहिलें. ‘शिनजिन’नें मग अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा हात धरला. हीच कंपनी पुढें ‘देवू’ या नांवानें प्रसिद्धीस आली.

२

या कथेचा नायक म्हणावयाचा तर तो चुंग जू-युंग. १९१५ सालीं, आतां उत्तर कोरियांत असलेल्या एका खेड्यांत, गरीब शेतकऱ्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. शेतीच्या कष्टांना कंटाळून हा मुलगा घरांतून एकदां नव्हे, अनेकदां पळाला, आणि एका खेपेस तर बापानें गाय विकून आलेले पैसे घेऊन पळाला. हमाली केली, तांदुळाच्या दुकानांत नोकरी केली, मग तें दुकानच चालविलें. पुढें मोटारदुरुस्तीचा कारखाना काढला, आणि युद्धोत्तर काळांत रस्ते, पूल व धरणें बांधण्याचे ठेके घेऊन ते धनाढ्य झाले. १९६७ च्या डिसेंबरांत त्यांनीं ह्युंदाई मोटार कंपनी स्थापन केली. वृद्धापकाळीं, १९९८ सालीं, याच गृहस्थानें दोन खेपांत मिळून १,००१ गुरें सरहद्दीपलीकडे आपल्या जन्मभूमीकडे नेऊन पोहोंचविलीं. बापाच्या एका गाईचें ऋण हजार गुरांचें व्याज देऊन फेडणाऱ्या या माणसाच्या स्वभावांत हिशेब आणि भावना यांचें जें विलक्षण मिश्रण होतें, तेंच त्यांच्या मोटारींच्या धंद्यांतहि दिसून येतें.

आरंभ मात्र इतरांसारखाच झाला. १९६८ पासून उल्सान येथील कारखान्यांत ब्रिटिश फोर्डची कॉर्टिना जोडली जाऊं लागली. कोरियाच्या खडबडीत रस्त्यांवर ही गाडी टिकेना, आणि तक्रारींचा पाऊस पडला. एंजिनांचा कारखाना भागीदारीनें काढावा अशी बोलणीं फोर्डशीं चाललीं. परंतु फोर्डला हवा होता आपल्या जागतिक व्यवहारांतला एक आज्ञाधारक दुवा. चुंग यांना हवें होतें स्वतःच्या नांवानें परदेशीं गाड्या विकण्याचें स्वातंत्र्य. बोलणीं फिसकटलीं. त्याच सुमारास, १९७४ च्या आरंभीं, सरकारानें मोटारधंद्याची दीर्घ मुदतीची योजना जाहीर केली: देशांतल्या कंपन्यांनीं १,५०० घन सेंटिमीटरहून लहान एंजिनाची, सुमारें दोन हजार डॉलर किंमतीची, बहुतांश देशी भागांची अशी कोरियन मोटार काढावी. सामान्य नागरिकालाहि घेतां यावी अशी ती असावी, हा त्यामागील हेतु.

या आज्ञेला ह्युंदाईनें जें उत्तर दिलें तें आमच्या मतें या सबंध इतिहासाचें मर्म होय. आपल्याला काय येत नाहीं याची त्यांनीं प्रथम प्रांजळपणें यादी केली, आणि मग तें तें ज्याला येतें त्याच्याकडून विकत घेतलें. मोटारीचें रूप रेखाटण्याचें काम त्यांनीं इटलींत तुरिन येथें जॉर्जेत्तो जुजारो या तरुण रचनाकाराकडे दिलें. एंजिन व गिअरपेटी यांचें तंत्र जपानच्या मित्सुबिशीकडून घेतलें. कारखाना कसा चालवावा हें शिकविण्यासाठीं ब्रिटिश लेलंडमध्यें वरिष्ठ पदावर असलेले जॉर्ज टर्नबुल यांना १९७४ सालीं नेमलें. त्यांनीं आणखी कांहीं ब्रिटिश अभियंते बरोबर आणिले. अभ्यासासाठीं नमुना म्हणून मॉरिस मरीना गाड्या समोर ठेविल्या. या खटाटोपासाठीं लागणारें कर्जहि परदेशीं पेढ्यांकडूनच उभें केलें. कोरियाचें स्वतःचें काय होतें? जागा, मजूर आणि जिद्द. पण आणखी एक गोष्ट होती. तुरिनला जी अभियंत्यांची तुकडी धाडली होती तिच्यांत ली चुंग-गू नांवाचे एक कनिष्ठ अधिकारी होते. दिवसभर इटालियन कारागीर काय करितात तें पाहावें, विचारावें, आणि रात्रीं खोलीवर येऊन तें सारें आकृत्यांसह वहींत उतरून काढावें, असा त्यांचा क्रम असे. ती वही पुढें कंपनींत प्रसिद्धि पावली. एखाद्या गुरुगृहीं राहिलेल्या विद्यार्थ्याची पोथीच म्हणाना! परक्याला पैसे देऊन काम करून घेणें निराळें, आणि तें करून घेतां घेतां तें शिकून घेणें निराळें. या दोहोंतील अंतर त्या वहीनें भरून काढलें.

१९७४ च्या ऑक्टोबरांत तुरिनच्या मोटार-प्रदर्शनांत ही गाडी जगापुढें मांडली गेली, आणि १९७५ च्या डिसेंबरांत उल्सान येथें तिचें उत्पादन सुरू झालें. १,२३८ घन सेंटिमीटरचें एंजिन, चार दारें, मागें उतरता माथा. नांव लोकांकडून मागविलें होतें. ठरलें तें ‘पोनी’, म्हणजे तट्टू. हें नांव वाचतांना मराठी वाचकाला आपल्या भीमथडीच्या तट्टांची आठवण झाल्याविना राहात नाहीं. अरबी घोड्यांचा डौल त्यांना नव्हता. पण थोडक्या चंदीवर दूरची मजल मारणारीं तीं तट्टें दिल्लीपलीकडे जाऊन आलीं. उल्सानच्या तट्टाचा गुणहि हाच होता. डौल बेताचा, खाणें थोडें, आणि मजल फार लांबची.

३

१९७६ च्या उन्हाळ्यांत पोनीच्या पहिल्या मोजक्या गाड्या दक्षिण अमेरिकेंतील एक्वादोर देशांत रवाना झाल्या. त्यापाठोपाठ लॅटिन अमेरिका, मध्यपूर्व व आफ्रिका येथील जे देश बड्या कंपन्यांच्या खिजगणतींत नव्हते, ते ह्युंदाईनें एकामागून एक गांठले. या व्यापारांत आरंभीं नफा नव्हता. उलट परदेशीं गाडी उत्पादनखर्चापेक्षांहि कमी किंमतीला विकावी आणि तो तोटा घरच्या गिऱ्हाइकाकडून चढ्या दरानें भरून काढावा, अशी तऱ्हा होती. घरच्या गिऱ्हाइकाला दुसरा मार्गच नव्हता, कारण परदेशी गाड्यांना दार बंद होतें. जपानी मोटारींना तर तें १९९९ पर्यंत बंद होतें. म्हणजे बोगोताच्या वा कैरोच्या रस्त्यावर स्वस्तांत मिळालेल्या कोरियन गाडीचे कांहीं पैसे सोलच्या शिक्षकानें व कारकुनानें भरलेले होते. राष्ट्रीय पराक्रमाच्या कथेंत हें वाक्य सहसा येत नाहीं. म्हणून तें येथें मुद्दाम नमूद करितों.

१९८२ सालीं पोनी इंग्लंडांत गेली. ज्यांच्या माणसांकडून धंदा शिकला त्यांच्याच दारांत विकावयास गेली. १९८४ मध्यें कानडांत तिची विक्री मांडली, आणि तेथें अपेक्षेच्या कितीतरी पट गाड्या खपल्या. अमेरिकेचे धूरनियंत्रणाचे नियम मात्र पोनीला पाळतां येण्यासारखे नव्हते. त्यासाठीं पुढच्या चाकांना गति देणारी ‘एक्सेल’ ही नवी गाडी तयार झाली. १९८६ सालीं ती ४,९९५ डॉलर या किंमतीला अमेरिकेंत आली आणि पहिल्याच वर्षांत दीड लाखांहून अधिक, दुसऱ्या वर्षीं अडीच लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. ज्या विद्यार्थ्याला वा नवविवाहिताला तोंवर जुनी गाडी घेण्यावांचून गत्यंतर नव्हतें, त्याला नवी कोरी गाडी मिळूं लागली. कोणत्याहि परदेशी कंपनीला अमेरिकेंत पहिल्या वर्षीं तोंवर असें यश मिळालें नव्हतें.

आणि येथेंच ठेंच लागली. वेगानें वाढलेल्या कारखान्यांतून घाईनें बाहेर पडलेल्या या गाड्या दोन-चार वर्षांत कुरकुरूं लागल्या. पत्रे गंजूं लागले, एंजिनें बंद पडूं लागलीं, आणि जुन्या बाजारांत त्यांना कोणी विचारीना. अमेरिकेंतील रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांना ह्युंदाई हा एक हमखास हंशाचा विषय झाला. कानडांतील क्वेबेक प्रांतांत ब्रोमाँ येथें १९८९ सालीं मोठ्या थाटानें काढलेला कारखाना १९९३ सालीं बंद करावा लागला. स्वस्ताई हें दार उघडणारें साधन आहे, आंत टिकून राहण्याचें नव्हे, हा धडा असा सर्वांदेखत मिळाला.

४

ह्युंदाईच्या बरोबरीनें आणखी दोन घराण्यांचा वृत्तांत थोडक्यांत सांगितला पाहिजे. किया कंपनीनें १९७४ पासून मझ्दाच्या आधारानें ‘ब्रिसा’ ही लहान गाडी काढली होती. परंतु १९८० नंतर जनरल चुन डू-ह्वान यांच्या सरकारानें कोणीं काय बनवावें हें हुकमानें ठरवून दिलें, आणि कियाला प्रवासी मोटारींचा धंदा कांहीं वर्षें सोडावा लागला. १९८७ सालीं तो परत सुरू झाला तो ‘प्राइड’ या गाडीनें. तिचा आराखडा जपानच्या मझ्दाचा, बनावट कोरियाच्या कियाची, आणि अमेरिकेंतील विक्री फोर्डची, ‘फेस्टिवा’ या नांवानें. या तीन बापांच्या लेकीचें नशीब मात्र चौथ्याच देशांत उघडलें. इराणांतील सायपा कंपनीनें १९९३ पासून ती बनविण्यास घेतली आणि २०२० पर्यंत ती बनत राहिली. निर्बंधांच्या व महागाईच्या काळांत इराणच्या सामान्य माणसाची गाडी म्हणजे प्राइड, असें समीकरणच होऊन बसलें. तिच्या स्वस्ताईबद्दल जेवढें प्रेम, तेवढाच तिच्या सुरक्षिततेबद्दल रोष.

देवूचे धनी किम वू-जूंग यांची चाल निराळी होती. ज्या देशांतून सोव्हिएत सत्ता नुकतीच ओसरली होती ते देश त्यांनीं हेरले. रुमानियांत क्रायोव्हा येथें, पोलंडांत वॉर्सा येथें, आणि उझबेकिस्तानांत अंदिजानजवळ असाका येथें त्यांनीं जुने कारखाने घेतले किंवा नवे काढले. अंदिजान म्हणजे फर्गान्याच्या खोऱ्यांतील बाबराची जन्मभूमि. जेथून एके काळीं तुर्की घोडे हिंदुस्थानाकडे निघाले, तेथें १९९६ पासून ‘टिको’ आणि ‘नेक्सिया’ या कोरियन आराखड्याच्या गाड्या निघूं लागल्या, आणि त्यांनीं ताश्कंद-समरकंदचे रस्ते भरून टाकले. यांतली टिको मूळची जपानच्या सुझुकी आल्टोवरून घेतलेली. म्हणजे आपल्या मारुतीची ती एका परीनें मावस बहीणच. १९९८ सालीं देवूनें ‘मटीझ’ ही गाडी आणिली. तिचें गोजिरें रूप पुन्हां जुजारोंनींच रेखाटलेलें. मूळ कल्पना त्यांनीं फियाटसाठीं केली होती, ती तेथें नाकारली गेली आणि कोरियाच्या कामीं आली. परंतु कर्जावर कर्ज काढून उभारलेला देवूचा डोलारा १९९७ च्या आशियाई अर्थसंकटानंतर कोसळला. १९९९ सालीं किम देश सोडून गेले. २००५ सालीं परतल्यावर त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्यांच्या मोटारींचा धंदा २००२ सालीं जनरल मोटर्सनें घेतला, आणि मालमोटारींचा कारखाना २००४ सालीं आपल्या टाटांनीं. त्याच संकटांत १९९७ सालीं कियाचें दिवाळें निघालें आणि पुढील वर्षीं ती ह्युंदाईच्या पदरीं आली.

५

आतां पुन्हां ह्युंदाईकडे वळूं. एक्सेलची बदनामी चालू असतांच एक शांत काम घडत होतें. १९८४ सालीं ली ह्युन-सून नांवाच्या अभियंत्याला कंपनीनें अमेरिकेंतील जनरल मोटर्समधून परत मायदेशीं आणिलें आणि स्वतःचें एंजिन करण्याचें काम त्यांच्या हातीं दिलें. पुष्कळ फसलेल्या प्रयोगांनंतर १९९१ मध्यें ‘आल्फा’ हें पहिलें कोरियन एंजिन तयार झालें. १९९४ सालीं आलेली ‘ॲक्सेंट’ ही एंजिनापासून सांगाड्यापर्यंत स्वतः घडविलेली पहिली गाडी होय. मित्सुबिशीचें बोट धरून चालूं लागल्याला तेव्हां वीस वर्षें होत आलीं होतीं. त्यानंतर दहाच वर्षांनीं, २००४ च्या सुमारास, ह्युंदाईनें आराखडलेलें एंजिन मित्सुबिशी व क्रायस्लर या दोघांनीं परवाना घेऊन स्वीकारलें. शिष्याची विद्या गुरूनें घ्यावी यासारखी गुरुदक्षिणा दुसरी नाहीं.

राहिला प्रश्न गेलेल्या पतीचा. १९९८ च्या अखेरीस ह्युंदाईनें अमेरिकेंत जाहीर केलें कीं, आमच्या गाडीच्या एंजिनाची व गतियंत्रणेची हमी आम्ही दहा वर्षें किंवा एक लाख मैल देऊं. जिची गाडी हंशाचा विषय झाली होती त्या कंपनीनें अशी हमी देणें अनेकांना वेडेपणाचें वाटलें. परंतु चुंग यांचे चिरंजीव मोंग-कू यांनीं १९९९ मध्यें सूत्रें हातीं घेतल्यावर कारखान्यांतील दोष शोधण्याचा ध्यासच घेतला. हमी खरी करावयाची तर दुसरा उपाय नव्हता. पुढें अलाबामा, स्लोवाकिया, चेकिया अशा ठिकाणीं कारखाने निघाले, आणि २०२२ सालीं ह्युंदाई-किया समूह विक्रीच्या संख्येनें जगांत तिसरा ठरला. या यशांतहि डाग आहेतच. त्याच सुमारास अमेरिकेंत या गाड्या सर्रास चोरीस जाऊं लागल्या, कारण स्वस्त प्रकारांत चोरीविरुद्धचें एक साधें उपकरण बसविलेलें नव्हतें. जुन्या काटकसरीची खोड अशी उशिरां नडली.

६

आमच्या देशांत ही कथा १९९५ सालीं येऊन पोहोंचली. देवूनें दिल्लीजवळ सूरजपूर येथें ‘सिएलो’ काढली. पुढच्या वर्षीं ह्युंदाईनें मद्रासनजीक श्रीपेरुंबुदूरजवळ कारखान्याची तयारी केली. १९९८ हें साल आमच्या लहान मोटारीच्या इतिहासांत विशेष म्हटलें पाहिजे. त्या एका वर्षांत ‘सँट्रो’ आली, ‘मटीझ’ आली, आणि पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड येथें घडलेली टाटांची ‘इंडिका’हि आली. सँट्रोचें उंच टपाचें रूप पाहून आरंभीं लोक हंसले. पण पागोटें न काढतां आजोबांना आंत बसतां येतें, गुडघे दुखणाऱ्या आजींना उतरतांना वांकावें लागत नाहीं, हें ध्यानांत येतांच तें रूपच गुण ठरलें. देवू बुडाली, तरी मटीझ नाहींशी झाली नाहीं. तीच पुढें ‘स्पार्क’ या नांवानें परत आली, आणि २००८ सालीं उघडलेल्या आमच्या तळेगांवच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यांतहि बनूं लागली. ह्युंदाईची ‘आय-टेन’ २००७ सालीं प्रथम जगापुढें आली ती सोल येथें नव्हे, दिल्लींत. आणि मद्रासच्या बंदरांतून ती युरोपास गेली.

इंडिकेची गोष्ट येथें मुद्दाम काढण्याचें कारण असें कीं, तिच्या बाह्य रूपाचें कामहि तुरिनच्याच एका संस्थेकडे दिलें होतें. जो रस्ता कोरियानें १९७४ सालीं धरला, तोच आम्हीं सुमारें वीस वर्षांनीं धरला. मग मधल्या काळांत आम्ही काय करीत होतों? कुर्ल्याची फियाट आणि उत्तरपाड्याची मॉरिसच्या वंशांतली अँबेसेडर, या दोन गाड्यांभोंवतीं आम्ही तटबंदी उभारून स्वस्थ बसलों होतों. गिऱ्हाइकानें पैसे भरावे आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी. गाडी हातीं आली कीं पेढे वाटावे. पद्मिनी २००० सालापर्यंत आणि अँबेसेडर २०१४ सालापर्यंत त्याच मूळ सांच्यांत निघत राहिली.

याचें कारण सांगतांना ‘आम्ही दारें लावून बसलों, त्यांनीं उघडीं ठेविलीं’ असें म्हणण्याची हल्लीं रीत आहे. आमच्या मतें तें खरें नाहीं. दारें त्यांनींहि लावलीं होतीं, आणि आमच्याइतकींच घट्ट. भेद इतकाच कीं, तेथील सरकारानें संरक्षणाबरोबर एक अट घातली: तुम्हांला घरचा बाजार दिला आहे तो झोपण्यासाठीं नव्हे, परमुलखांत विकून दाखवा, नाहीं तर कर्ज व सवलत बंद. परमुलखांतील गिऱ्हाईक कोणाचा भाऊबंद नसतो. तो देशाभिमानासाठीं गंजका पत्रा खपवून घेत नाहीं. त्याच्या हंशानें ह्युंदाईला जें शिकविलें, तें आमच्या कारखानदारांना शिकविणारें कोणी भेटलेंच नाहीं. आमच्या गिऱ्हाइकाच्या सहनशीलतेनें त्यांचा घात केला.

तथापि एवढ्यावरून त्या पद्धतीचे पोवाडे गाण्यास आम्ही तयार नाहीं. ज्या राजवटीनें हें घडविलें ती हुकूमशाही होती. तिनें कामगारांच्या संघटना दडपल्या, वेतन दाबून ठेविलें, कामाचे तास वाढविले. १९८७ च्या उन्हाळ्यांत लोकशाहीची चळवळ उसळली तेव्हां उल्सानच्या कारखान्यांतील हजारों कामगार रस्त्यावर आले आणि त्यांनीं आपले संघ स्थापन केले. स्वस्त मोटारीच्या किंमतींत आपल्या घामाचा किती अंश बुडाला आहे हें त्यांनीं तेव्हां जगाला दाखविलें. आमच्या लोकशाहीनें मोटारी वाईट काढल्या असतील. पण गाडी वाईट आहे असें मोठ्यानें म्हणण्याची सोय तिनें ठेविली होती. कोरियनांना ती सोय झगडून मिळवावी लागली. तिचें मोल गाड्यांच्या संख्येंत मोजतां येणार नाहीं. पण ती सोय असतांहि आपण ती पुरेशी वापरली नाहीं, वाईट वस्तु निमूटपणें घेतली व वर पेढे वाटले, हा दोष कोणत्याहि राजवटीचा नव्हे, आपला आहे.

शेवटीं दोन अलीकडील गोष्टी सांगून हा लेख संपवितों. पहिली अशी कीं, १९७४ सालीं तुरिनला पोनीबरोबर तिचा एक दोन-दारी देखणा नमुनाहि मांडला होता. तो कधीं बाजारांत आला नाहीं, आणि मूळ नमुना कोठें गेला तें कळेना. ह्युंदाईनें २०२३ सालीं वृद्ध जुजारो व त्यांचे चिरंजीव यांच्याकडूनच तो पुन्हां जसाचा तसा घडवून घेतला आणि इटलींतील कोमो सरोवराच्या कांठीं मांडला. पन्नास वर्षांपूर्वीं ज्याच्या दारीं विद्यार्थी म्हणून गेलों त्याला आपण विसरलों नाहीं, हें सांगण्याची ती रीत होती. दुसरी गोष्ट घराजवळची. जनरल मोटर्स निघून गेल्यावर ओस पडलेला तळेगांवचा कारखाना ह्युंदाईनें २०२३ सालीं करार करून घेतला, आणि २०२५ सालीं तेथें पुन्हां कामाला आरंभ झाला. इंद्रायणीच्या खोऱ्यांत आतां उल्सानच्या तट्टाचे वंशज जन्मास येत आहेत.

त्या कारखान्यांत आपल्या मावळांतले व पुण्या-नगरकडचे अनेक तरुण काम करितील. त्यांना वेतन मिळेल, आणि तें मिळालेंच पाहिजे. परंतु आमच्या मनांत राहून राहून ती तुरिनच्या खोलींतली वही येते. दिवसभराचें काम आटोपल्यावर, आज आपण काय पाहिलें, काय समजलें, काय समजलें नाहीं, हें रात्रीं बसून लिहून काढणारा कोणी त्यांच्यांत निघतो कीं नाहीं, यावर पुढच्या पन्नास वर्षांचा इतिहास बराच अवलंबून राहील.